पुन्हा सायकलवर बसायचंय? मध्यम किमतीची हार्डटेल निवडण्याचा क्रम

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती गिअरची दाखवू?" पंधरा-वीस वर्षांनी सायकलकडे परतणारा माणूस इथेच अडकतो, कारण त्याच्या आठवणीत गिअरची सायकल म्हणजेच भारी सायकल असते. एकवीस, चोवीस, सत्तावीस असे आकडे ऐकत तो सायकल घरी आणतो आणि काही महिन्यांत ती बाल्कनीत धूळ खात उभी राहते. बहुतेक वेळा उत्साह कमी पडलेला नसतो. सायकलचं माप चुकलेलं असतं, चढावर पुरेसा हलका गिअर नसतो किंवा मागच्या चाकाची सारखी दुरुस्ती करून जीव मेटाकुटीला आलेला असतो.

म्हणून हा क्रम उलटा करा. आधी रस्ता, मग पैसे, मग अंगाचं माप, त्यानंतर सायकलचे जे भाग पुढे सहज बदलता येत नाहीत ते, आणि गिअरचा विचार त्याच्याही नंतर. उदाहरणं पुण्याच्या आसपासची देतो आहे, कारण इथले रस्ते आणि टेकड्या ओळखीच्या आहेत. नाशिक, सातारा, कोल्हापूरच्या वाचकांना त्यात फारसा फरक करावा लागणार नाही.

कुठे चालवणार, ते कागदावर लिहा

हार्डटेल म्हणजे पुढच्या चाकाला सस्पेंशन आणि मागचा भाग एकसंध, कडक असलेली माउंटन बाइक. ती घेण्याआधी पुढच्या तीन महिन्यांत खरोखर कुठे जाणार हे लिहून काढा. रोज सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणं, रविवारी बोपदेव घाट किंवा सिंहगड, कधीमधी वेताळ टेकडी, सुट्टीत गावाकडच्या बैलगाडीच्या वाटा, असं काहीतरी. यातलं जवळजवळ सगळं डांबरावर असेल तर हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल घ्या. ती साधारण दोन-तीन किलो हलकी असते आणि सपाट रस्त्यावर कमी दमवते. दुकानदार आग्रह करतो म्हणून हार्डटेल घेऊ नका.

पण चौथा हिस्सा जरी कच्च्या वाटेवर जाणार असेल तर हार्डटेलच घ्या. दुसरंही एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मागून ट्रकचा हॉर्न आला की सायकलवाल्याला क्षणात डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावं लागतं. तिथे खडी असते, डांबराची कड चार बोटं उंच तुटलेली असते. बऱ्याच वर्षांनी सायकल चालवणाऱ्याचा तोल अजून पक्का नसतो. अशा वेळी रुंद टायर आणि रुंद हँडल त्याला सांभाळून घेतात.

मागेही शॉकअप असलेल्या, पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या सायकली मात्र टाळा. त्या जड असतात आणि चढावर पॅडलला दिलेला जोर मागची स्प्रिंग खाऊन टाकते. दोन्हीकडे चांगलं सस्पेंशन असलेली सायकल फारच वरच्या किमतीत सुरू होते. मध्यम पैशांत एकच सस्पेंशन, पण धड असलेलं, हेच शहाणपणाचं.

पैशांची वाटणी

इथे मध्यम किंमत म्हणजे साधारण ३५ ते ६५ हजार रुपये धरली आहे. या पट्ट्यात स्कॉट ॲस्पेक्ट, ट्रेक मार्लिन, जायंट टॅलन, मेरिडा बिग नाइन, पॉलिगॉन, डेकॅथलॉनची रॉकरायडर अशी नावं समोर येतील. फायरफॉक्स आणि मोंट्रा या देशी नावांचाही विचार करावा. एकाच नावाखाली चार-पाच मॉडेल असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून नावावर न जाता भागांची यादी वाचा. जुन्या लेखांतल्या किमती पाहत असाल तर लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना तो बघा.

हातातले सगळे पैसे सायकलवर घालू नका. ५० हजार असतील तर ६-७ हजार बाजूला काढा. त्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, हातपंप, एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि चांगलं कुलूप बसतं. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा पहिल्या दिवसापासून हवेत.

माप

इथे घाई करू नका. बरेच भाग पुढे सुधारता येतील, पण चुकीच्या मापाची फ्रेम कधीच बरोबर होत नाही.

नेहमीचे बूट घालून दुकानात जा. सायकल दोन पायांमध्ये घेऊन सीटच्या पुढे, आडवी नळी मध्ये ठेवून उभे राहा. दोन्ही टाचा जमिनीवर टेकलेल्या असताना नळी आणि जांघ यांत किमान दोन इंच अंतर हवं. कच्च्या वाटेवर अचानक पाय टेकावा लागतो, तेव्हा हे अंतर कामाला येतं. मग सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये. ही सीटची उंची. हीच उंची ठेवून पुढच्या पंजाने पॅडल मारलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खूप खाली ठेवून चालवल्यामुळे किती जणांचे गुडघे धरतात आणि दोष वयाला दिला जातो!

आता हँडल धरा. कोपर थोडे सैल, खांदे कानापासून दूर. हात ताणून पोहोचावं लागत असेल तर सायकल लांब आहे. दुकानदार म्हणेल, "स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बदलून देतो." सेंटिमीटरभराचा फरक असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर एक माप खाली जा. दोन मापांच्या सीमेवर असलेल्याने, आणि पाठीची तक्रार असलेल्याने तर नक्कीच, लहान माप घ्यावं.

उंची पाच फूट दोन-तीन इंचांच्या आत असेल, मग बाई असो वा पुरुष, २९ इंची चाकाचा हट्ट सोडून द्या. लहान फ्रेमला २७.५ चं चाक नीट बसतं, आणि काही कंपन्या लहान मापांना तेच चाक देतात. २९ चं चाक खड्ड्यांवरून सहज जातं आणि वेग धरून ठेवतं, २७.५ चं चटकन वळतं. मध्यम उंचीच्या माणसाने दोन्ही चालवून बघावं.

तुमच्या मापाची सायकल दुकानात नसेल आणि दुसरी "चालून जाईल" असं सांगत असतील, तर तसेच घरी या. मागवायला लागणारे चार आठवडे थांबणं परवडतं.

पुढे सहज बदलता न येणारे भाग

सगळ्यात महत्त्वाचा भाग मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला, आरे जोडलेला भाग. स्वस्त सायकलींत मागचे दात फ्रीव्हील पद्धतीने हबवर आटे पाडून बसवलेले असतात. त्यात उजव्या बाजूचा बेअरिंग दातांच्या आत, चाकाच्या मध्याकडे सरकलेला असतो आणि ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक बरंच अंतर आधाराशिवाय राहतं. ८०-८५ किलोचा माणूस खड्ड्यांतून गेला की तो ॲक्सल वाकतो, कधी तुटतो. कॅसेट पद्धतीत दात हबवरच्या खाचांवर सरकवून बसवतात आणि बेअरिंग अगदी कडेला असतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. शिवाय फ्रीव्हीलच्या हबवर पुढे दहा-अकरा गिअरचा संच बसवता येत नाही, सबंध चाक बदलावं लागतं.

ओळखायचं कसं? मागचे दात हाताने उलटे फिरवा आणि सगळ्यात लहान चक्राच्या आत, ॲक्सलभोवतीच्या खाचा असलेल्या कड्याकडे बघा. कडं दातांबरोबर फिरलं तर कॅसेट. दात फिरतात आणि कडं जागच्या जागी राहतं, तर फ्रीव्हील. सात गिअरच्या मागच्या चक्रात बहुधा फ्रीव्हील असतं, आठमध्ये दोन्ही सापडतात, नऊच्या पुढे बहुतेक कॅसेटच. ३५ हजारांच्या वर पैसे मोजताना फ्रीव्हील स्वीकारू नका, बाकी सायकल कितीही देखणी असो.

दुसरं, हेड ट्यूब, म्हणजे हँडलखालची उभी नळी. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर नंतर चांगला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेंशनचा भाग, बसवता येईल. वरपासून खालपर्यंत सारखी, जुन्या मापाची बारीक असेल तर आजचे बहुतेक चांगले फोर्क तिला बसत नाहीत.

तिसरं, चाकं फ्रेमला कशी जोडली आहेत. लिव्हरने उघडणारा बारीक क्विक रिलीज या किमतीत चालतो. जाड थ्रू ॲक्सल मिळाला तर उत्तम, कारण तो चाक आणि फोर्क घट्ट धरतो.

चौथी गोष्ट छोटी वाटेल. मागे कॅरिअर आणि मडगार्ड लावायला फ्रेमवर आट्यांची भोकं आहेत का बघा. बाजारात, ऑफिसला किंवा दोन दिवसांच्या भटकंतीला सायकल न्यायची असेल तर त्यांच्यावाचून अडतं. फ्रेमचं ॲल्युमिनियम कोणत्या क्रमांकाचं, यावर मात्र वेळ घालवायची गरज नाही. या किमतीत ते सगळीकडे पुरेसं चांगलं असतं.

गिअर मोजू नका, भागाकार करा

पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात. चढावर हीच संख्या कामाची.

एकवीस गिअरच्या एखाद्या सायकलला पुढे २४ आणि मागे २८ दात असतात. भागाकार ०.८६. दहा गिअरच्या एखाद्या सायकलला पुढे एकच ३० दातांचं चक्र आणि मागे सगळ्यात मोठं ४८ दातांचं असतं. भागाकार ०.६३. २९ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातं. मिनिटाला ६० वेळा पाय फिरवलेत तर पहिल्या सायकलवर ताशी ७ किलोमीटरहून थोडा जास्त वेग राखावा लागतो, दुसरीवर ५ किलोमीटरच्या जरा वर असलात तरी पुरतं. सिंहगडाच्या तीव्र वळणावर हाच फरक तुम्ही सायकलवर बसून चढता की उतरून ढकलता, हे ठरवतो. परत सुरुवात करणाऱ्याने ०.७ किंवा त्याहून कमी भागाकार मागावा. वजन ८५ च्या पुढे असेल तर ०.६५.

पुढे एकच चक्र असलं की चेन पडण्याची कटकट जवळजवळ संपते आणि डाव्या हाताला गिअरचं काही काम उरत नाही. तोटा इतकाच की ३० आणि ११ च्या जोडीवर ताशी पस्तीस किलोमीटर ओलांडले की पाय फारच भरभर फिरवावे लागतात. रोड बाइकवाल्या मित्रांसोबत सपाटीवर पळायचं असेल तर पुढे ३६-२२ अशी दोन चक्रं घ्या. तीन चक्रांचा संच आता घेण्यात अर्थ नाही, त्यातले निम्मे गिअर एकमेकांची नक्कल असतात.

गिअरचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या संचांची उतरंड खालून वर अशी: टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे. २०२३ मध्ये कंपनीने मधल्या पायऱ्यांच्या जागी क्यूज नावाचा संच आणला. त्याचे सुटे भाग जुन्या संचांत सरसकट मिसळत नाहीत, हे दुरुस्तीच्या वेळी लक्षात ठेवा. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट आणि ॲडव्हेंट एक्सही चांगले चालतात, नाव अनोळखी म्हणून नाकारू नका. एका गोष्टीवर मात्र नजर ठेवा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे वरच्या दर्जाचा भाग लावून हब, क्रँक (पॅडल जोडलेले दांडे) आणि चेन स्वस्तातली बसवलेली असते. पूर्ण यादी मागा.

ब्रेक

ऑइलवाले, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या. इथे पैसे वाचवू नका. घाटाच्या उतारावर वायरच्या डिस्क ब्रेकवर चारही बोटांनी जोर लावून पंजे भरून येतात, हायड्रॉलिकला एक बोट पुरतं. शिमानोचे एमटी २०० किंवा टेक्ट्रोचे साधे हायड्रॉलिक ब्रेकसुद्धा यासाठी भरपूर आहेत. या दोन्हींत मिनरल ऑइल असतं. त्यांत गाडीचं डॉट ऑइल कोणालाही घालू देऊ नका, आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

आपल्या स्कूटरला उजवा लिव्हर पुढचा ब्रेक असतो. सायकललाही तसंच आहे का, हे स्वतः दाबून बघा. काही सायकली उलट जोडणीने येतात. इतक्या वर्षांची हाताची सवय आणि सायकलची जोडणी जुळली नाही तर घाबरल्या क्षणी चुकीचा ब्रेक दाबला जातो. ताबा घेण्याआधी दुकानातून बदलून घ्या.

पुढचं सस्पेंशन

या किमतीत १०० ते १२० मिलिमीटर हालचालीचा फोर्क मिळतो आणि तेवढा पुरतो. प्रश्न आत स्प्रिंग आहे की हवा, हा आहे. सनटूर कंपनीच्या एक्ससीटी आणि एक्ससीएम फोर्कमध्ये स्प्रिंग असते. ती जड असते आणि तिची ताकद ठरावीक असते. ५५ किलोच्या माणसाखाली ती हलत नाही, ९५ किलोच्या माणसाखाली तळाला आपटते. हवेचा फोर्क आपल्या वजनाप्रमाणे पंपाने जुळवता येतो आणि बराच हलकाही असतो. एक्ससीआर आणि रॉकशॉक्सचा जूडी घेताना तो हवेचा आहे की स्प्रिंगचा, हे विचारूनच घ्या, नावावरून कळत नाही.

बजेट ५० च्या वर असेल तर हवेचा फोर्क मागा. ४० च्या आसपास असेल तर साधी स्प्रिंग स्वीकारा, पण हब आणि ब्रेकवर तडजोड करू नका. फोर्क नंतर बदलता येतो, अर्थात हेड ट्यूब योग्य असेल तरच. डांबरी चढासाठी फोर्क लॉक करायची सोय मात्र असू द्या.

टायर, हवा आणि बाभळीचे काटे

२.१ ते २.३५ इंच रुंदीचे टायर ठीक. टेकड्यांवरचा मुरूम वरवर घट्ट दिसतो, पण उतारावर टायरखालून छर्‍यांसारखा निसटतो. म्हणून पुढच्या टायरला कडेला ठळक उंचवटे हवेत. मागचा थोडा गुळगुळीत असला तर डांबरावर सोपं जातं.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतवाटांवर जाऊच नका. ती माती टायरला थरावर थर चिकटते आणि फ्रेमच्या बेचक्यात अडकून चाक जाम करते. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर हा त्रास फार कमी होतो. तरीही घेताना मागचं टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्हीकडे बोट सहज जातं का बघा.

देशावर हार्डटेल चालवायची तर बाभळीच्या काट्यांची गाठ पडणारच. उपाय दोन. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी जाड पट्टी घाला, किंवा रिम आणि टायर ट्यूबलेसला योग्य असतील तर ट्यूब काढून आत सीलंट भरून घ्या. काटा घुसला तरी सीलंट भोक बुजवतं. खरेदीच्या वेळी रिम ट्यूबलेस रेडी आहे का विचारा.

२९ ची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही, म्हणून स्वतःजवळ एक ठेवा. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा प्रकारचा असेल तर छोटा पितळी ॲडॉप्टरही सोबत हवा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. हवा किती? ७५ किलोच्या माणसाने ट्यूबवाल्या २.२५ टायरमध्ये कच्च्या वाटेवर ३० ते ३४ पीएसआय, डांबरावर ४० च्या आसपास ठेवावी, पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. पंक्चरवाला टायर दगडासारखं होईपर्यंत भरतो, त्याला थांबवा.

ट्रायल आणि सेकंड हँड

पार्किंगमधल्या एका फेरीवर ठरवू नका. जवळचा एखादा उड्डाणपूल किंवा चढ गाठा, बसून चढा, सगळे गिअर एकेक करून टाका, उतारावर ब्रेक हळूहळू दाबा. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक पॅडजवळ नजर ठेवून आउट आहे का बघा. नव्या सायकलचं चाकही आउट असू शकतं, ते तिथेच काढून द्यायला सांगा.

सेकंड हँड हार्डटेल हा उत्तम सौदा असतो, कारण अनेक सायकली फारशा चालवल्याविनाच विकल्या जातात. मूळ बिल मागा. फ्रेमवर हेड ट्यूब आणि सीटखालचे जोड प्रकाशात निरखा, रंगात केसासारखी रेघ दिसली तर सौदा सोडा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे नकोत. चेन पट्टीवर ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून, ती पहिली धरून, पंचविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. नव्या चेनला हे अंतर १२ इंच असतं. १२ आणि एक अष्टमांश भरलं तर चेनसोबत कॅसेटही बदलावी लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

पहिला महिना

नव्या डिस्क ब्रेकना बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्या आणि चाक जाम न करता ब्रेक दाबून जवळजवळ थांबेपर्यंत या. असं पंधरा-वीस वेळा केलं की पकड येते. मगच घाट उतरा. चेनला ऑइल स्प्रे करताना एक थेंबही डिस्कवर उडू देऊ नका.

सीट टोचते म्हणून जाड जेलचं कव्हर आणू नका. मऊ सीटवर दाब पसरतो आणि तासाभराने बधिरपणा येतो. पॅडची शॉर्ट घ्या आणि दोन आठवडे अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्या करा. हलक्या गिअरवर मिनिटाला ७५-८० वेळा पाय फिरवायची सवय लावा, गुडघे जपले जातात. चाळिशीच्या पुढचे असाल आणि रक्तदाब, मधुमेह किंवा छातीची तक्रार असेल तर चढाला लागण्याआधी डॉक्टरांशी बोला. टेकडीवर सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते, तिथे वेग कमी करून आवाज द्या, आणि वनखात्याच्या हद्दीत सायकलला परवानगी आहे का हे फाटकावर विचारून घ्या.

महिन्याभरात केबल सैल होतात, आरे आपल्या जागी बसतात, बोल्ट थोडे ढिले पडतात. पहिली सर्व्हिसिंग बहुधा मोफत असते. ती चुकवू नका, आणि क्रँकचे बोल्ट घट्ट करायला आठवणीने सांगा, कारण ढिल्या क्रँकवर चालवत राहिलं तर त्याचं भोक कायमचं खराब होतं. सायकल कार वॉशिंग सेंटरवर नेऊन पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याखाली धरू नका, हबमधलं ग्रीस निघून जातं. बादली, ब्रश आणि जुनं फडकं पुरे.

त्यानंतर काही बदलावंसं वाटलं तर आधी टायर, मग ग्रिप आणि रुंद पॅडल. फोर्कचा विचार एक पावसाळा चालवून झाल्यावर करा.